मावशी, मालिश आणि किचनचा काटा (प्रकल्प नोंदी, म्हार्दोळ, गोवा)

२ जून २०२४, रविवार

आजपासून ही वही सुरू करतेय. मावशीला फायब्रोमायाल्जिया आहे, म्हंजे अंगभर दुखत राहण्याचा आजार. निदान मागच्या दिवाळीनंतर झालं, त्याआधी तीन वर्षं ती नुसती फिरत होती, हाडांचे डॉक्टर, मग नसांचे, मग परत हाडांचे, एक्सरे नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, आरए फॅक्टर (संधिवाताची तपासणी) निगेटिव्ह, ईएसआर सीआरपी (सुजेच्या तपासण्या) सगळं जागच्या जागी, आणि एका ठिकाणी तर तोंडावर सांगितलं की बाई तुम्हाला काही झालेलं नाही, मन जरा रमवा. त्या दिवशी घरी येऊन ती मागीलदारी बसून रडली होती ते मी विसरलेले नाही. शेवटी ज्या डॉक्टरीणबाईंनी पकडलं त्यांनी तिला शरीराच्या १९ भागांचं चित्र दिलं आणि गेल्या आठवड्यात जिथे जिथे दुखलं तिथे खुणा करायला सांगितल्या. मावशीच्या १३ खुणा झाल्या. वर थकवा, झोपून उठल्यावरही न लागलेली झोप, आणि आठवणीचा गोंधळ ह्याचे वेगळे मार्क. तीन महिन्यांच्या वर हे चाललेलं असलं आणि दुसरा कुठला आजार ह्या सगळ्याचं कारण नसला की निदान होतं. ह्याची म्हणून रक्ताची तपासणी नाही.

मी नऊ वर्षं मसाज करते, कांदोळीच्या बाजूला एका स्पामध्ये. पावसात गिऱ्हाईक नसतं, आठवड्याला तीनच दिवस बोलावतात, तेव्हा गणपतीच्या चवथीनंतरपर्यंत माझ्याकडे वेळ आहे. ठरवलंय की मावशीला आठवड्यातून दोनदा मालिश द्यायची, सोमवार गुरुवार, आणि सगळं लिहून ठेवायचं. डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलंय. त्या म्हणाल्या करा, हळू करा, पण चालणं सगळ्यात महत्त्वाचं, मालिश त्याच्या जागी नाही.

पहिला आठवडा काहीच करायचं नाही, फक्त मोजायचं. दुखणं ० ते १०, रात्री किती वेळा जाग आली, आणि किती मिनिटं चालली. बस, तीन आकडे.

९ जून, रविवार

आठवड्याची सरासरी: दुखणं ७, जाग रात्री पाच वेळा, चालणं सहा मिनिटं (म्हंजे घरातून म्हाळसेच्या देवळापर्यंतसुद्धा नाही, मधल्या पारावर बसावं लागतं). मावशी जाईच्या फाती (केसांत माळायचे गजरे) करते, लग्न झाल्यापासून करतेय, पूर्वी एका बैठकीत दोन तास ओवायची, आता वीस मिनिटांत मान आणि अंगठा धरतो. तिला सगळ्यात जास्त हेच लागलंय असं मला वाटतं, दुखण्यापेक्षाही.

१० जून, सोमवार

पहिलं सेशन. पाऊण तास. खोबरेल कोमट करून घेतलं, पाठ, खांदे, कंबर, पोटऱ्या. खांद्याच्या पात्याजवळ तारेसारखे ताठ स्नायू लागले, तिथे अंगठ्याने धरून नीट सोडवले. मावशी काही बोलली नाही. बरं वाटतंय म्हणाली.

१२ जून, बुधवार

काकांचा, म्हंजे मावशीच्या नवऱ्याचा, फोन आला. मावशी कालपासून उठलेली नाही. अंगाला चादर लागली तरी दुखतंय, ताप नाही, पण ताप आल्यासारखं. दुखण्याचा आकडा ९. संध्याकाळी जाऊन आले, ती मला म्हणते, "बाय, तुझी काय चूक नाय, मीच सांगायला हवं होतं." तिने सांगितलं नाही कारण मी मन लावून करत होते आणि तिला मला दुखवायचं नव्हतं. आणि मी विचारलं नाही कारण नऊ वर्षं मला सगळे एकच म्हणतात, अजून जोरात. चूक माझीच आहे आणि ती इथे लिहून ठेवतेय.

१४ जून, शुक्रवार

दोन दिवस वाचत बसलेय. काही गोष्टी ज्या मला कोर्समध्ये कोणी सांगितल्या नव्हत्या त्या लिहिते.

ह्या आजाराला पूर्वी फायब्रोसायटिस म्हणायचे, गॉवर्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने १९०४ साली दिलेलं नाव. शेवटचं 'आयटिस' म्हणजे सूज. मग लोकांनी स्नायू तपासले तर सूज सापडेना, म्हणून १९७६ च्या सुमारास नाव बदलून फायब्रोमायाल्जिया झालं, म्हणजे तंतू आणि स्नायूंचं दुखणं. आम्ही मालिशवाले मात्र अजून जुन्याच कल्पनेवर काम करतो, की आत कुठेतरी गाठ बसलीय, ती दाबून फोडायची की मोकळं. इथे फोडण्यासारखं काही नाहीच. बिघाड आहे तो मेंदू आणि मज्जारज्जू दुखण्याचा निरोप कसा घेतात त्यात. साधा स्पर्शही तिथे पोचेपर्यंत मोठा होतो. चादर लागून दुखणं त्यातलंच.

आणि दुसरं. १९९० साली अमेरिकेतल्या रूमॅटॉलॉजी कॉलेजने (संधिवाताच्या डॉक्टरांची संस्था) जे निकष केले होते त्यात १८ ठरावीक बिंदू होते, त्यातले ११ दुखले पाहिजेत. प्रत्येक बिंदू अंगठ्याने दाबायचा तो किती, तर साधारण ४ किलो, अंगठ्याचं नख पांढरं होईपर्यंत. म्हंजे ४ किलो हा *तपासायचा* दाब, एवढ्यावर ह्या माणसांना दुखतं हे ठरवण्यासाठीचा. (२०१० पासून ती बिंदू दाबायची पद्धत मागे पडली, आता मावशीसारखं चित्र आणि प्रश्न.)

हे वाचून मी किचनचा डिजिटल काटा काढला, ५ किलोचा, वर जाड टॉवेल ठेवला आणि रोज जसा देते तसा अंगठा दिला. काट्याने एररच दाखवला. मग समोरच्या दुकानात गेले, दुकानदारकाकांना म्हटलं जरा काटा देता का, त्यांनी कांद्यांचा ढीग बाजूला केला. अंगठा, माझं नेहमीचं मिडियम: साडेसात किलो. डीप टिश्यूला (खोल दाबाच्या मालिशला) देते तसं: अकराच्या वर. मी मावशीच्या त्या ताठ जागांवर मिनिट मिनिटभर हे धरून बसले होते. उभी राहिले तिथेच थोडा वेळ. दुकानदारकाका विचारत होते काय झालं गे, मला सांगता येईना.

१७ जून, सोमवार

आज फक्त पंधरा मिनिटं, ते पण मावशीने हो म्हटल्यावर. सकाळभर काट्यावर सराव करून गेले. अर्धा किलो, एक किलो, दीड किलो, डोळे मिटून हाताला ओळखू येईपर्यंत. अर्धा किलो म्हणजे किती कमी असतं हे करून बघितल्याशिवाय कळत नाही, बोट नुसतं टेकल्यासारखं वाटतं, आणि मनात सारखं येतं की ह्याने काय होणार.

अंगठा अजिबात नाही. पूर्ण तळवा, कारण तेवढंच वजन मोठ्या जागेवर पसरतं. पायांपासून सुरुवात केली कारण तिचे पाय त्यातल्या त्यात कमी दुखतात. पालथं झोपवलं नाही, मान वळवावी लागते आणि तिची मानच सगळ्यात वाईट, म्हणून कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी, पोटाशी उशी. खुणा ठरवल्या: बरं असलं तर काही बोलायचं नाही, जास्त झालं तर बोट उचलायचं. माझ्यासाठी सहन करायचं नाही हे तिच्याकडून वदवून घेतलं, देवाची शपथ घालून.

१९ जून, बुधवार

काही उसळलं नाही. आकडा ७. म्हंजे होता तेवढाच, पण मला आज तेवढंसुद्धा खूप आहे.

४ जुलै, गुरुवार

पाच सेशन झाली, आता पंचवीस मिनिटांवर आलोय. एक गोष्ट नक्की, पहिली दोन मिनिटं काहीच न करणं हे सगळ्यात उपयोगी. सुती पातळाचा तुकडा पाठीवर, त्यावर दोन्ही हात ठेवून स्वस्थ बसायचं. मावशीचा श्वास आधी वर वर असतो, मग खाली उतरतो, तो उतरला की मग तेल. आधी तेल घेतलं की ती दचकते.

मग लांब सरळ हात, मनगटापासून कोपरापर्यंत, कोपरापासून खांद्यापर्यंत, घाई नाही. पाठीच्या वरच्या भागात मायोफेशियल पद्धत वापरतेय, म्हंजे हात घसरवायचा नाही, कातडी आणि खालचं आवरण हलकं ताणून दीड-दोन मिनिटं तसंच धरायचं, ते आपसूक सैल होतं तेव्हा हाताखाली वितळल्यासारखं लागतं. चिमटे, थापट्या, कोपर, लाकडी दांडा, सगळं बंद. मावशीने आज मला शिकवलं, म्हणाली जाईची कळी तोडताना तू लहानपणी चुरगळायचीस, आठवतंय का, तिला धरतात तसं धर. खरंच त्या आठवणीने हात बरोबर बसला.

शेजारच्या आजी फेणी (इथली दारू) चोळायला सांगून गेल्या. आमच्याकडे सर्दीला, अंगदुखीला चोळतातच, मलाही लहानपणी चोळलीय. पण मावशीला वासाने डोकं चढतं, ह्या आजारात वास, आवाज, उजेड पण जास्त लागतात, आणि उडून जाताना ती अंगाला गार करते, गार तर तिला अजिबात नको. आजींना नीट समजावलं. बामही नाही. साधं खोबरेल, तेसुद्धा माझ्या हातात कोमट झालेलं.

शेवटी तळपाय कोरडे पुसायचे! रात्रीची गोळी प्रेगाबालिनची आहे, (अमेरिकेत ह्या आजारासाठी मंजूर झालेली ती पहिली, २००७ साली), तिने कधी कधी चक्कर येते, त्यात पायाला तेल आणि पावसाळ्यात ओलसर लादी. दहा मिनिटं पडून राहायचं, मग कुशीवरून उठायचं, मग बसायचं, मग उभं.

१४ जुलै, रविवार

आठवड्याचे आकडे: दुखणं ६.५, जाग तीन-चार वेळा, चालणं आठ मिनिटं. झोप आधी हलली, दुखणं नंतर. मला उलट वाटलं होतं.

डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. वही दाखवली. त्यांनी स्वच्छ सांगितलं की युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१६ साली ज्या सूचना काढल्या त्यात मालिशची शिफारस नाही, अभ्यास छोटे आणि कच्चे आहेत म्हणून, आणि जोरदार शिफारस फक्त एकाच गोष्टीची आहे, व्यायाम. दुसरीकडे २०१४ साली नऊ चाचण्या एकत्र करून बघितल्या होत्या, त्यात पाच आठवडे किंवा जास्त चाललेल्या मालिशने दुखणं, चिंता, उदासी लगेचच्या काळात कमी झालेली दिसली, पुढे किती टिकतं ते मात्र कळलं नाही. मला वाईट नाही वाटलं, उलट बरं वाटलं की कोणीतरी मला दोन्ही बाजू सांगितल्या. त्या म्हणाल्या मालिशने तिला चालता येत असेल तर मालिश कामाची. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय.

आतापासून मालिशच्या दुसऱ्या दिवशी चालायचं. ठरलं. पाऊस असला तर ओसरीवर, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, काका घड्याळ धरणार.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. संध्याकाळी देवळात भजनाला मावशीला घेऊन गेलो, अर्धा तास बसली. मध्येच माइक शिट्टी मारायला लागला, कुणीतरी नुसतं खुर्ची सरकवली तरी कुईं करून कान फाटायचे. मावशी माझ्या कानात म्हणाली, माझं अंग असंच आहे गे. मला आठवडाभर जे शब्दांत मांडता येत नव्हतं ते तिने तिथे सांगितलं. खुर्ची सरकवणाऱ्याचा दोष नाही, खुर्चीचाही नाही, मशीनचा आवाज कुणीतरी वर करून ठेवलाय. घरी आल्यावर काकांना मी हेच सांगितलं, कारण काका अजून अधूनमधून विचारतात की रिपोर्ट नॉर्मल तर दुखतं कसं. आज ते गप्प बसले आणि मग म्हणाले, "म्हणजे ती एवढी वर्षं खरंच सांगत होती." मावशी आत होती, तिने ऐकलं की नाही माहीत नाही.

२९ जुलै, सोमवार

मला व्हायरल झालाय, दहा दिवस जाता आलं नाही. फोनवरून आकडे घेतेय: ६, ६.५, ७, ७. जाग परत पाच वेळा. म्हंजे जे मिळालं होतं ते दहा दिवसांत जवळजवळ परत गेलं. खूप वाईट वाटलं. पण ही माहिती पण लिहायलाच हवी, मालिशचा परिणाम साठून राहत नाही, निदान एवढ्या दिवसांत तरी नाही. आणि ऑक्टोबरला पर्यटकांचा सीझन सुरू झाला की मी आठवड्यातून दोनदा येणार कशी? कांदोळीहून पणजी, पणजीहून फोंड्याची बस, बाणस्तारी, मंगेशी, मग म्हार्दोळ, दोन तास एका बाजूचे. ह्याचा विचार आधीच करायला हवा होता.

११ ऑगस्ट, रविवार

काकांना शिकवायचं ठरलं. मावशी आधी नको म्हणत होती, लाजत होती, घरात मुलं सुना आहेत, आणि नवऱ्याने बायकोचे पाय धरायचे हे तिला पटेना. काका म्हणाले, तू माझे पाय चेपलेस बावीस वर्षं, तेव्हा कुणी काय म्हणालं नाही.

काकांचे हात म्हणजे कुळागरातले (सुपारीच्या बागेतले) हात, सुपारी नारळ काढून काढून तळवे सालीसारखे झालेत. काट्यावर बसवलं. पहिला दाब: एररच, म्हंजे ५ किलोच्या वर, आणि त्यांना ते हळू वाटत होतं! एक तास सराव केला. एक किलोवर हात थांबवणं त्यांना किती कठीण गेलं, घाम आला बिचाऱ्यांना, पण सोडलं नाही. शेवटी शेवटी बघितलं तर काका डोळे मिटून अर्धा किलोवर बरोबर थांबत होते, माझ्यापेक्षा स्थिर. हातांना रात्री तेल लावून मऊ करायचं त्यांनी स्वतःच ठरवलं.

त्यांना मी फक्त हात आणि पाय दिलेत, दहा दहा मिनिटं. मान आणि पाठ नाही. आणि कधी अजिबात हात लावायचा नाही ते भिंतीवर लिहून लावलंय: ताप असेल तर, कातडीला जखम किंवा पुरळ असेल तर, आणि एकच पोटरी सुजली, लाल झाली, गरम लागली तर मालिश नाही, सरळ डॉक्टर, कारण ती रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने सुटून वर जाऊ शकते. हे शेवटचं मी काकांकडून तीनदा म्हणवून घेतलं.

२५ ऑगस्ट, रविवार

दुखणं ५.५, जाग दोन-तीन, चालणं सोळा मिनिटं. देवळापर्यंत जाऊन परत, पारावर न बसता.

जाईचा बहर आहे. मावशी आता पंधरा मिनिटं ओवते, मग मोबाईलचा अलार्म, मग दहा मिनिटं उठून फिरते, मग परत. आधी ती बऱ्या दिवशी सगळं उरकून घ्यायची आणि पुढचे तीन दिवस पडून राहायची, हे चक्र मोडणं मालिशपेक्षा अवघड गेलं. चांगल्या दिवशी थांबायला कुणाला आवडतं. पण काल तिने दिवसभरात अकरा फाती केल्या, आणि आज उठून चहा ठेवला.

३ सप्टेंबर, मंगळवार

चवथ शनिवारी. मी सुनांशी बोलून घेतलं, नेवऱ्यांचं (करंज्यांचं) पीठ मावशी मळणार नाही, लाटणार नाही, ती फक्त मुरड घालायला बसेल. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायची तिला फार हौस, वर हात करून बांधायचं म्हणजे खांदे गेले. ती खुर्चीत बसून सांगेल, मुलं बांधतील.

१२ सप्टेंबर, गुरुवार

मुलं बांधत होती, पण कांगलांचा (माटोळीतल्या रानफळांचा) झुबका वाकडा झाला म्हणून मावशी स्टुलावर चढली. मग आरतीला उभी, मग पाहुणे, रात्री दोनला झोपली. दीड दिवसाचा गणपती पोचवून आले आणि ती आडवी झाली. दुखणं ८.

मी रागावणार होते, नाही रागावले. ती म्हणाली एवढा एक दिवस मला माझ्यासारखं राहू दे. ह्या वेळी मालिशची घाई केली नाही, दोन दिवस फक्त हात ठेवून बसायचं, कापडावरून, तेल नाही. तिसऱ्या दिवशी पाय. जूनमध्ये माझ्या हाताने ९ झाले होते तेव्हा खाली यायला सहा दिवस लागले होते, ह्या वेळी चार दिवसांत ६ वर आली.

२२ सप्टेंबर, रविवार

शेवटचा आठवडा: दुखणं ५.५, जाग दोन, चालणं वीस मिनिटं.

७ वरून ५.५. दुखण्याच्या मोजमापात साधारण ३० टक्के उतरलं तर माणसाला खरा फरक म्हणतात, म्हणजे ४.९ यायला हवं होतं, ते नाही आलं. शिवाय चालणं सुरू झालं, अलार्म लावून काम, पाऊसही ओसरला, काकांचं बोलणं बदललं, ह्यातलं कशाने किती हे मी वेगळं काढून दाखवू शकत नाही आणि दाखवणारही नाही. मावशीला विचारलं तुला काय वाटतं, ती म्हणाली दुखतं ते दुखतंच, पण झोपून उठल्यावर आता सकाळ झाल्यासारखी वाटते.

स्पामध्ये परवा एक बाई आल्या, फॉर्मवर आजार काही लिहिला नव्हता, हात ठेवला तर दचकल्या. मी थांबून विचारलं. पाच मिनिटं बोललो. मग अर्धा किलोने केलं. आमच्या मॅनेजरना मी सांगितलंय की फॉर्मवर एक ओळ वाढवा, स्पर्शाने किंवा चादरीने दुखतं का. बघू.

६ ऑक्टोबर, रविवार

सीझन सुरू. मला फक्त सोमवार मिळालाय. म्हणून असं: सोमवारी मी पाठ आणि मान, गुरुवारी आणि शनिवारी काका हात-पाय. आकडे मावशी स्वतः लिहिणार, दर रविवारी फोटो काढून पाठवणार. डॉक्टरीणबाईंकडे पुढची तारीख नोव्हेंबरात.

काटा मी त्यांच्याकडेच ठेवलाय. काका गुरुवारी सुरू करायच्या आधी त्यावर हात ठेवून बघतात, मावशी चष्मा लावून आकडा वाचते, आणि मग पाय पुढे करते.